अर्धा बिघडलेला ड्राइव्ह पूर्ण कसा बिघडवावा

प्लेस्टेशन फोरच्या फटीत डिस्क सरकवावी, आतून घर्र-टक, घर्र-टक असा आवाज यावा आणि डिस्क ओळखता येत नसल्याची पाटी पडद्यावर झळकावी, हा क्षण घाबरण्याचा नाही, पेढे वाटण्याचा आहे. कालपर्यंत तुम्ही नुसते खेळणारे होतात. आजपासून तुम्ही तंत्रज्ञ आहात. या पदाला शिक्षणाची अट नाही. एक मोकळा रविवार आणि दुपारी झोप न लागण्याची सवय, एवढ्या भांडवलावर काम सुरू करता येतं.

एक धोका मात्र आधीच सांगून ठेवायला हवा. ड्राइव्ह अडण्याची कारणं पुष्कळदा अगदीच किरकोळ असतात. लेन्सवर धुळीचा थर बसलेला असतो, नाहीतर डिस्क आत ओढणारा रबरी रोलर गुळगुळीत झालेला असतो. अशा वेळी यंत्र जाणत्या माणसाच्या हाती पडलं तर ते चक्क दुरुस्त होऊन परत येऊ शकतं. असा प्रसंग ओढवू नये म्हणून पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळा. मन घट्ट करा. आम्ही पाठीशी आहोत, जरा अंतर राखून.

१. निदान स्वतः करा

पहिला दोष डिस्कला द्या. मग घरात असेल नसेल ती प्रत्येक चकती फटीत घालून पाहा. सुरुवात आरत्यांच्या ऑडिओ सीडीने केलेली चांगली. प्लेस्टेशन फोर ऑडिओ सीडी वाजवतच नाही; खोक्यातून नवा कोरा काढला होता त्या दिवशीही वाजवत नव्हता. पण हे तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायची घाईही नाही. 'साधी सीडी लागत नाही, म्हणजे पूर्ण गेलाय,' असं घरच्यांना खालच्या आवाजात सांगा.

नंतर लग्नाची डीव्हीडी घाला. ती कदाचित लागेल. नवशिके गडबडतात ते इथे. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो आणि ब्लू-रे, म्हणजे तुमच्या गेमची डिस्क, वाचायला ४०५ नॅनोमीटरचा जांभळट निळा. ड्राइव्हमध्ये दोन्ही असतात, त्यामुळे एक थकला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. लग्न दिसतंय पण गेम लागत नाही, हा फार मोलाचा पुरावा आहे. लगेच विसरा. तसंही तोवर पडद्यावर मंगलाष्टकं सुरू झालेली असतील, सगळं घर टीव्हीपुढे जमलेलं असेल आणि 'हा अंतरपाट धरलेला उजवीकडचा कोण?' यावर दोन तट पडलेले असतील. निदान तिथेच थांबवा.

२. फुकटच्या उपायांना भुलू नका

२०१३ साली आलेल्या पहिल्या मॉडेलला एक खोड होती. डिस्क बाहेर काढण्याचं बटण दाबायचं नव्हतं, नुसतं स्पर्शाचं होतं, आणि त्याच्या खालच्या अंगाला, यंत्राच्या पोटाशी, एक रबरी पाय होता. काही यंत्रांत हा पाय वर रेटला जाऊन आतल्या सेन्सरला हात लागल्याचा भास होई. मग खेळ ऐन रंगात आलेला असताना यंत्र टीं टीं करून डिस्क ओकून टाकी. उपाय काय, तर तो रबरी पाय ओढून काढायचा. अवजार लागत नाही, खर्च येत नाही, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे. पाहुण्यांना सांगण्यासारखं त्यात काहीच उरत नाही. त्यापेक्षा हे रात्रीच होतं का, अमावास्येला जास्त होतं का, याची वहीत नोंद ठेवा. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायलाही हरकत नाही, फक्त फटीपासून लांबून.

डिस्क आत अडकली तर पोटाकडच्या भोकातला एक स्क्रू साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरने फिरवून ती बाहेर सरकवता येते. कंपनीनेच ही सोय करून ठेवली आहे, म्हणजे ती संशयास्पदच. स्वयंपाकघरातून उलथनं आणा.

३. टूथपेस्ट लावा

हे शास्त्र सीडीच्या काळातलं आहे आणि त्या काळात ते थोडंफार खरंही होतं. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि तिच्यावरची माहिती लेबलाच्या बाजूला, अगदी वरच्या अंगाला असते. खालून लेझरला जाडजूड प्लास्टिकमधून पाहावं लागतं. त्या प्लास्टिकवरचा उथळ ओरखडा टूथपेस्टने घासून बोथट केला तर डिस्क कधीकधी पुन्हा चालू लागायची. आपल्याकडे या एका यशावर दोन पिढ्यांनी दिवस काढले.

ब्लू-रेचं सगळं उलटं. तिथे माहितीचा थर वाचण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. इतक्या पातळ पदराचं रक्षण व्हावं म्हणून त्यावर खास कठीण लेप चढवलेला असतो आणि म्हणूनच ब्लू-रेवर सहसा ओरखडे पडत नाहीत. टूथपेस्टने नेमका तो लेपच खरवडायचा आहे. जेल नको, पांढरी खरखरीत पेस्ट घ्या. लाल दंतमंजन हाताशी असेल तर भाग्यच.

घासताना गोल गोल घासा. जाणते लोक मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसतात. आडव्या ओरखड्याने प्रत्येक मागातली थोडी थोडी माहिती जाते आणि ती भरून काढायची सोय डिस्कमध्येच केलेली असते. गोल ओरखडा मागाला धरून धावतो, सलग माहिती खाऊन टाकतो आणि मग ड्राइव्हपाशी हात जोडण्यापलीकडे काही उरत नाही. या पायरीनंतर ड्राइव्ह सुधारला तरी ही डिस्क लागणार नाही, त्यामुळे ड्राइव्ह सुधारला नाही याची खात्री पटेल. दोन्ही बाजूंनी फायदा.

४. लेन्स साफ करा, घरात जे सापडेल त्याने

आधी फटीत जोरात फुंकर मारा. फुंकरीबरोबर बाष्प आत जातं आणि धुळीला तिथे कायमचं बसायला मदत होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी वापरावी असं म्हणणारे भेटतील. त्यासाठी यंत्र उघडावं लागतं आणि बाटली विकत आणावी लागते. नेलपॉलिश रिमूव्हर घरातच आहे. त्यातलं अ‍ॅसिटोन प्लास्टिकच्या लेन्सवर असं काम करतं की पुन्हा कधी ती पुसावीशी वाटणार नाही. जुन्या म्युझिक सिस्टिमसाठी घेतलेली, खाली इवलासा ब्रश चिकटवलेली सफाईची सीडी मिळाली तर तीही घाला. प्लेस्टेशन फोरला ती ऑडिओ सीडी म्हणून पटणार नाही, पण दोघांची ओळख तरी होईल.

लेन्स ज्या रुळांवरून पुढेमागे सरकते त्यांना पातळ ग्रीस लागतं. तुम्ही खोबरेल तेल लावा. आपल्या हवेत त्याचा एक विशेष गुण आहे: मे महिन्यात लावलेलं तेल डिसेंबरपर्यंत वास्तव्य करतं आणि पुण्याच्या थंडीत छान गोठतं. मग सकाळी ड्राइव्ह बंद, दुपारी चालू, रात्री पुन्हा बंद. असला बिघाड कुठल्याच दुकानदाराला पकडता येत नाही, कारण तुम्ही त्याच्याकडे दुपारी जाता.

५. यंत्र उलटं करा

याला इतिहासाचा आधार आहे. १९९४ च्या पहिल्यावहिल्या प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मॉडेलांत लेझरची गाडी प्लास्टिकच्या खाचेवरून धावायची. ते प्लास्टिक झिजायचं, लेझर कलायचा आणि खेळ अडखळायचा. लोकांनी यंत्र उलटं किंवा कडेवर उभं ठेवून पाहिलं आणि चमत्कार, खेळ सुरू! गुरुत्वाकर्षणाने कललेली लेन्स थोडे दिवस सरळ व्हायची, एवढंच त्यामागचं रहस्य. तुमच्या यंत्रात ती खाच नाही आणि ती झीजही नाही. तरीही उलटं करा. परंपरा महत्त्वाची.

एक्सबॉक्स ३६० वाले भाऊबंद याहून पुढे गेलेले आहेत. त्या यंत्रात डिस्क फिरत असताना ते आडव्याचं उभं केलं की डिस्कवर कंपासने काढावं तसं वर्तुळ उमटायचं. त्यावरून अमेरिकेत झालेला दावा २०१७ मध्ये थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि न्यायालयाने कोणत्या आदेशाविरुद्ध अपील केव्हा करता येतं यावर निकाल दिला. डिस्कवरचं वर्तुळ जिथल्या तिथे राहिलं. तेव्हा डिस्क फिरत असतानाच कन्सोल हॉलमधून बेडरूममध्ये न्या. न्यायालयाचं पुढचं पुढे पाहू.

त्याच ३६० ला टॉवेलात गुंडाळून तापू देण्याचा एक उपचार होता. तो लाल दिव्यांच्या वर्तुळासाठी होता, ड्राइव्हसाठी नव्हता. दुसऱ्याच यंत्राच्या दुसऱ्याच रोगाचं औषध, म्हणजे आपल्याकडे ते चालायलाच हवं.

६. ज्यांचा ड्राइव्ह अजून धडधाकट आहे त्यांच्यासाठी

खचून जाऊ नका. तुमचीही वेळ येईल, आणि ती लवकर यावी यासाठी आपल्या घरांत पुष्कळ सोयी आहेत. कन्सोल शोकेसमध्ये ठेवा, काच लावून घ्या आणि वर आत्याने विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरा, म्हणजे गरम हवेला बाहेरची वाट राहणार नाही. देव्हारा शेजारी असेल तर उदबत्तीचा आणि कापराचा धूर लेन्सपर्यंत रोज पोचेल. वन बीएचकेमध्ये फोडणीची वाफही तेवढंच काम करते. तेलकट लेन्सवर धूळ घट्ट बसते. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर यंत्र बंद करून कोपऱ्यात ठेवा. बाकीचं दमट हवा बघून घेईल.

पण खरा मुहूर्त खंडेनवमीचा. त्या दिवशी घरातल्या यच्चयावत अवजारांची पूजा होते आणि हल्ली त्यात लॅपटॉप, मिक्सर, स्कूटर यांच्याबरोबर प्लेस्टेशनही पाटावर येऊन बसतो. मुलाचीच इच्छा असते. कुठे गंध लावायचं हा प्रश्न पडतो, कारण यंत्र सगळीकडून काळं आणि सपाट. मग साहजिकच लक्ष जातं ते फटीकडे. यंत्राचं तोंडच ते! हळद बोटाने, कुंकू चिमटीने, आणि अक्षता जरा वरून, सढळ हाताने. कुंकवाची पूड इतकी बारीक असते की ती रोलर, रूळ, लेन्स असा सगळा परिसर एका दिवसात पाहून घेते. अक्षतेचा एक दाणा डिस्क उचलणाऱ्या चकतीखाली जाऊन बसला की पुढचा दसरा येईपर्यंत हलत नाही. मूल लहान असेल तर पूजा लांबणीवर पडली तरी चालेल. फट दिसली की रुपयाचं नाणं कुठे जायला हवं हे त्याला जन्मतःच कळतं.

७. एवढा खटाटोप कशासाठी, हे कुणाला विचारू देऊ नका

कारण उत्तर अडचणीचं आहे. गेम डिस्कवरून चालतो अशी तुमची समजूत असेल. तसं नसतं. प्लेस्टेशन फोर डिस्कवरचा अख्खा गेम हार्ड डिस्कवर उतरवून घेतो आणि तिथूनच खेळवतो. २०१८ चा 'रेड डेड रिडेम्प्शन टू' तर दोन डिस्कांवर आला होता: एक फक्त माहिती उतरवून घेण्यासाठी, दुसरी खेळताना आत ठेवण्यासाठी. उतरवून झालेलं असताना आत ठेवायची कशाला? गेम तुमचा आहे हे दर वेळी सिद्ध करायला. म्हणजे गाडी तयार, सिग्नल हिरवा, प्रवासी केव्हाचा आत बसलेला. पण तिकीट तपासनिसाचा चष्मा फुटला म्हणून गाडी फलाटावर उभी. तुम्ही रविवारभर ज्याच्यावर टूथपेस्ट, खोबरेल आणि अ‍ॅसिटोनचे प्रयोग करताय तो हा तपासनीस.

मग त्याला काढूनच का टाकू नये? टाकता येतं. प्लेस्टेशन फाइव्ह २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा ड्राइव्हवाला ४९,९९० रुपयांना होता आणि बिनड्राइव्हच्याची किंमत ३९,९९० जाहीर झालेली होती. हिशेब करणारे लगेच म्हणाले, दहा हजार वाचले. पण खरा हिशेब त्यांच्या लक्षात आला नाही. डिस्क तीन-चार हजारांना घ्यायची, महिनाभरात खेळून संपवायची, जपून डबीत ठेवायची आणि विकायची, नाहीतर दुसरीशी बदलून घ्यायची, यावर आपल्या मध्यमवर्गीय घरांतला हा छंद तगून आहे. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही, चुलतभावाला उसना देता येत नाही आणि आवडला नाही तर त्याच्या नावाने शंख करण्यापलीकडे काहीही करता येत नाही. तेव्हा तपासनीस कितीही छळो, आपल्याला तो हवाच असतो. हे बायकोला समजावून सांगताना पुढची पायरी उरकून घ्या.

८. उघडा

मागच्या बाजूचे स्टिकर आधी सोलून काढा. वॉरंटी संपल्याचं दुःख वॉरंटी आधीच संपलेली असेल तर जास्त होत नाही. खाली चांदणीच्या आकाराच्या खाचेचे आणि खाचेत मधोमध टिकली असलेले टॉर्क्स स्क्रू दिसतील. त्यांना तसाच पोकळ टोकाचा पाना लागतो. तुम्ही चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खाच गोल होईपर्यंत फिरवा. पॉवर सप्लाय आतच असतो आणि प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरांत काही काळ चार्ज राहतो. ही एक गोष्ट मात्र खरोखर ऐका: त्याला हात लावू नका. हा लेख ड्राइव्ह संपवण्याविषयी आहे, वाचक संपवण्याविषयी नाही. त्याच कारणासाठी यंत्र चालू असताना लेन्समध्ये डोकावूही नका.

ड्राइव्हला जाणारी पातळ चपटी स्ट्रिप दिसली की ती ओढा. ती एका चिमुकल्या लॅचने धरलेली असते, लॅच नखाने उचलायचा असतो, पण तो इतका लहान असतो की तुटल्यावरच दिसतो. माळ्यावर जुना प्लेस्टेशन टू असेल तर त्याचंही उरकून घ्या. त्याच्या लेझरवर दोन बारीक प्रीसेट असतात. ते फिरवले की थकलेल्या लेझरला जास्त करंट मिळतो, तो चार दिवस नव्यासारखा वाचतो आणि मग कायमचा मिटतो. दुरुस्ती झाल्याचा आनंद आणि बिघाड झाल्याची खात्री एकाच खर्चात.

आता कळीचा भाग. दुसऱ्या कुणाच्या मेलेल्या कन्सोलमधला चालू ड्राइव्ह स्वस्तात मिळतो. तो घेऊन या. मात्र तो बसवण्याआधी स्वतःचा जुना ड्राइव्ह भंगारवाल्याला देऊन टाका. हा क्रम चुकवू नका, सगळं यश यावर आहे. कारण ड्राइव्हमधला सर्किट बोर्ड आणि यंत्राचा मदरबोर्ड यांची गाठ कारखान्यातच बांधलेली असते. दुसऱ्या यंत्रातला बोर्ड कितीही सज्जन असो, हा मदरबोर्ड त्याच्याशी बोलत नाही. जाणता माणूस नव्या ड्राइव्हची यंत्रणा घेतो आणि आपला जुना बोर्ड काढून तीत बसवतो, किंवा नुसता लेझर बदलतो. काम भागतं. तुमचा जुना बोर्ड मात्र या घटकेला रद्दीच्या गठ्ठ्याबरोबर काट्यावर चढलेला आहे आणि भंगारवाला म्हणतोय, 'प्लास्टिकच जास्त आहे, साहेब.'

हा छळ फक्त याच यंत्रात आहे असं समजून खट्टू होऊ नका. एक्सबॉक्स ३६० मध्येही ड्राइव्ह आणि मदरबोर्डची किल्ली जुळावी लागते. २०२३ मध्ये आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन फाइव्हचा ड्राइव्ह तर सुटा करून पुन्हा टक्कन लावता येतो, एकही स्क्रू नाही. फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून वरची परवानगी घ्यावी लागते.

९. दुकानात जा, पण खरं बोलू नका

मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड गाठा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. तसं विचारलंत तर नवखे आहात हे कळेल, न विचारलंत तरी कळेल. काउंटरवर यंत्र ठेवून म्हणा, 'असंच अचानक बंद पडलं.' उरलेले स्क्रू त्या वेळी खिशात वाजू देऊ नका. कारागीर झाकण उचलून वास घेईल, खोबरेल ओळखेल, कुंकू पाहील आणि काहीही न बोलता 'लेन्स गेलीये' एवढंच सांगेल. ड्राइव्हच्या मरणाचं ते सर्वमान्य कारण आहे. भाव ऐकून 'एवढ्यात तर सेकंडहँड येईल' असं म्हणा आणि पुढच्या दुकानात जा. तिथेही लेन्सच गेलेली असेल. तिसऱ्या दुकानातला पोरगा 'जुना ड्राइव्ह कुठाय?' असं विचारेल. या प्रश्नाला अजून उत्तर सापडलेलं नाही. चहा प्यायला बाहेर पडा.

१०. कन्सोल भाच्याला द्या

वाढदिवस गाठा. मूळ खोकं जपून ठेवलेलं असेलच, आपण खोकी टाकत नाही. स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून आत ठेवा, पुडीवर 'जास्तीचे' असं लिहा. ताईला सांगा, 'थोडासा प्रॉब्लेम आहे, बाकी एकदम ओके.' रात्री भाऊजींचा फोन येईल. मागे भाचा रडत असेल आणि भाऊजींच्या आवाजात मात्र एक वेगळाच उत्साह असेल. ते म्हणतील, 'धूळ असेल हो नुसती. उघडून बघू का?'

'बघा की,' म्हणा आणि फोन ठेवा.